तळ्यावर थांबलेलं घर

रेल्वे कंपनीने स्टेशन दिलं ते तळ्याच्या पलीकडे. नॉर्वेहून येऊन वसलेल्या नॉरलंड गावाने वर्षभर कंपनीच्या नावाने बोटं मोडली आणि शेवटी गावच उचलायचं ठरवलं. गहू विकायचा तर रेल्वे हवी, नुसत्या रागाने कुणाचं पोट भरतंय? तळं गोठलं की घराखाली ओंडके बांधायचे, घोडे जुंपायचे आणि बर्फावरून घर ओढत न्यायचं. आत चूल पेटलेली, बाई बटाटे सोलतेय, अशी घरं चालत गेली. दुकान गेलं, लोहाराचा भाता गेला, घंटेसकट चर्चसुद्धा गेलं.

मालेनेचं घर सगळ्यांत शेवटी निघालं. मार्च लागला होता, दक्षिणेचा उबदार वारा सुटला होता आणि तिच्या मनात सारखी पाल चुकचुकत होती. आत तिची सासू रग्ना अंथरुणाला खिळलेली. नॉर्वेतलं घर एकदा सोडलं, आता हे सोडणार नाही, असं म्हणून म्हातारीने पलंगाचा दांडा घट्ट धरला होता.

शनिवारी संध्याकाळी घर तळ्याच्या मध्यावर आलं आणि पलीकडून चर्चची घंटा ऐकू आली. झालं! त्यांच्या रीतीप्रमाणे शनिवारच्या घंटेबरोबरच रविवार लागला, आणि रविवारी काम म्हणजे पाप. चर्चचे ज्येष्ठ आन्फिन यांनी हात वर केला. "घोडे सोडा."

"काका, बर्फावर पाणी साचतंय, बघा तरी," मालेने म्हणाली.

"बर्फाने चर्च पेललं, तुझं खोपटं नाही पेलणार? देवावर भरवसा आहे ना?"

तिचा नवरा सिग्वार्त घोडे सोडू लागला. चारचौघांत आन्फिनकाकांना उलट बोलायची त्याची छातीच नव्हती. मालेनेला त्याचा मनस्वी संताप आला. निदान आईंना तरी उचला, म्हणून ती मागे लागली. दोघांनी हात लावताच म्हातारीने असा आकांत मांडला, की सिग्वार्तने हात टेकले. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्हणाला.

रविवारी म्हातारीसाठी चुलीत भरपूर लाकडं घालून दोघं चर्चला गेली. मालेनेला जायचं नव्हतं, पण आजच गैरहजर राहिलो तर लोक काय म्हणतील, हे सिग्वार्तचं पालुपद चालूच होतं.

प्रवचन रंगात आलं असताना तळ्याकडून मोठा कडकडाट झाला. सगळ्यांनी ऐकला. पाद्रीबाबा क्षणभर थांबले आणि पुढे बोलू लागले. मालेने ताडकन उठली. सिग्वार्तने तिची शाल ओढली.

"बस खाली. लोक बघतायत."

आणि ती बसली. कशी बसली, देव जाणे, पण बसली.

प्रार्थना संपून सगळे बाहेर आले, तेव्हा तळ्याच्या मध्यावर काळं पाणी होतं आणि त्यावर दोन-चार फळ्या. सिग्वार्त ओरडत घोड्यांकडे धावला, पट्टे आवळू लागला.

मालेने त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"आता कशाला जुंपता?" ती म्हणाली. "रविवार आहे."