सत्यवतीला बोलवायचं व्हतं

माझा पोरगा बळीराम भाषन लय झकास करतो. मेल्याला हौसच भाषनाची. पनवेलला कचेरीत कारकून झाला, तवापासून आमच्या गव्हाणच्या शाळेत झेंडावंदनाला त्यालाच बोलावतात. औंदा सव्वीस जानेवारीला टेबलावर हात आपटून बोलला, "घटनेनं आपल्याला हक्क दिलेत. ते कुणाच्या बापाला काढून घेता येणार नाहीत!" मी पुढंच बसली व्हती. ऊर भरून आला माझा. टाळ्या वाजवून हात लाल झाले.

मी धवलारीन. आमा आगरी लोकांत लगीन लावायचं काम धवलारनीचं, भट लागत नाय. मांडवात बसून धवला गायचा. देवांना बोलवायचं, घरातल्या मेलेल्या मानसांनाबी नाव घेऊन बोलवायचं, का या, तुमच्या लेकराचं लगीन हाय. माझ्या सासूनं हे गानं मना दिलं. अर्ध्या गावाची लग्नं मी लावलीत.

बळीरामची बायको सत्यवती. त्यांची पोर वेणू रांगत व्हती, तवा सत्यवती तापानं गेली. पोर माझ्याच पदराखाली वाढली. आये पायजे करून रडायची, तवा मी सांगायची, "गप, माझी बाय. तुझ्या लग्नात तुझ्या आयेला नाव घेऊन हाक मारीन. ती मांडवात येईल." पोरीनं ते मनात धरलं.

आता वेणूचं लगीन ठरलं, पनवेलला, बळीरामच्या दारात. मी नवं लुगडं नेसून पोचली, तर मांडवात भटजी बसलेले आनि बांबूला कर्णा बांधलेला.

"हे काय रे?"

"आई, कचेरीतले साहेब येणार आहेत," बळीराम बोलला. पहिलं आये बोलायचा, पनवेलला गेल्यापासून मी आई झाली. "त्यांच्यासमोर धवले-बिवले बरं दिसत नाही."

"आनि माझा हक्क?"

"तुझा हक्क कोण काढून घेतंय? तो आहेच. जेवणं झाली की गा ना, हवं तितकं."

"जेवनं झाल्यावर? सत्यवतीला काय उष्ट्या पत्रावळी उचलायला बोलवू?"

तो साहेबांच्या खुर्च्या मांडायला गेला.

अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. मनात आलं, खड्ड्यात गेले ते साहेब. बसल्या जागेवरून मी धवला धरला. आवाज माझा अजून खणखणीत हाय. पहिले देव घेतले, मंग सासू-सासरे घेतले. सत्यवतीच्या नावावर आली, तर बळीरामनं कर्णेवाल्याला नुसता हात वर करून दाखवला. कर्णा असा कोकलला का माझं गानं मनाच ऐकू येईना.

कुनी माझ्या तोंडावर हात ठेवला नाय. कुनी ऊठ बोललं नाय. उलट एक बाई सरबत घेऊन आली, "आजी, घ्या, दमला असाल." हक्क माझा माझ्याजवळच व्हता, कुनी हातबी लावला नाय त्याला.

अक्षता पडल्या. बळीराम हात जोडून साहेबांच्या मागं मागं फिरत व्हता. जेवनं आटपली तवा माझ्याकडं आला. "आई, आता गा. कोणी नाही म्हणत नाही."

"तूच गा मेल्या," मी बोलली. "झेंडावंदनाला गा."

वेणू निघाली तवा माझ्या गळ्यात पडली. डोळे रडून सुजलेले. कानाशी तोंड आनून विचारलं, "आजी, आयेला बोलवलंस ना?"

"बोलवलं गं बाय. नाव घेऊन बोलवलं."

"मना नाय ऐकू आलं," ती बोलली. "मंग तिला तरी आलं का?"

बळीराम मागून चला चला करत व्हता. वेणू गाडीत बसली, माझ्या तोंडाकडं बघत.