दांड्याखाली

शर्ट छापायच्या दुकानात विनीतने फाइल उघडली आणि पडद्यावरची पालखी विस्कटली.

सानवीने त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. निशाण काळंठिक्कर पडलं होतं. गावाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. आणि भोई? भोयांच्या जागी केसासारख्या बारीक रेघा लोंबत होत्या.

"दादा, माझ्याकडे असं नव्हतं हो! देवाशप्पथ!"

"तू काढलंस एका प्रोग्रॅममध्ये, माझं कोरल जुनं. तिथली जाड रेघ इथे येताना बारीक झाली. आता शर्टावर चिकटवायला मशीन काय कापणार, शेवया? मूळ फाइल आण."

मूळ फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवर होती, आणि शाळेला शिमग्याची सुट्टी.

बाकावर बसलेल्या आप्पांचा फोन वाजला. पालखीची व्यवस्था बघणाऱ्या महिपतचा आवाज दुकानभर ऐकू आला.

"आप्पा, चाकरमानी गाडीत बसले. उद्या पालखी नाचवताना अंगात नवे शर्ट हवेत. मी सांगत होतो, मुंबईहून छापून आणू. पण तुम्ही भर बैठकीत म्हणालात, माझी नात करील."

"करील," आप्पा म्हणाले. फोन बंद झाला तरी त्यांचा अंगठा काचेवरून फिरत राहिला.

सानवीने तर अख्ख्या वाडीला सांगून ठेवलं होतं.

"दादा, काहीतरी करा ना. काहीही."

आप्पा उठले. कॉम्प्युटरसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा, ह्या यंत्रात जी काय आडकाठी आली असंल ती दूर कर. पोरीचा शब्द राख."

"व्हय महाराजा!" माऊस न सोडता विनीत म्हणाला.

सानवीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही वाहिले.

विनीतने गावाचं नाव नव्याने टाइप केलं, निशाण नीट केलं आणि एकेक रेघ जाड करू लागला. पुढचे दोन भोई उभे राहिले. मग मागचा एक. शेवटच्याशी तो थांबला.

"हे काय? एका जागेवर दोघं?"

बारीक रेघांच्या माणसामागे एक मुलगी होती. भरीव आकाराने काढलेली, म्हणून शाबूत. दोन वेण्या, खांद्यावर दांडा.

सानवीचे कान तापले. तिने आधी तीच काढली होती. मग तो थर लपवून वर माणूस काढला. पालखीला खांदा बापयांनी, पुरुषमाणसांनीच द्यायचा, हे काय कोणी सांगायला हवं? शाळेत लपलेलं इथे येताना उघडं पडलं होतं.

"ते चुकून राहिलं. पुसा ना, दादा! लवकर!"

"थांब गो." आप्पांनी चष्मा लावला. "मोठं कर रे जरा."

विनीतने चित्र मोठं केलं. माणसाचा खांदा दांड्याच्या बोटभर खाली राहिला होता. मुलीचा नेमका टेकला होता.

"ह्याचा लागलेलाच नाही," आप्पा म्हणाले.

"मी वर सरकवते, आप्पा. आत्ता सरकवते."

खिशात पुन्हा फोन वाजू लागला. आप्पांनी तो वरूनच तळव्याने दाबून धरला.

"ज्याचा लागलाय तो ठेव," ते विनीतला म्हणाले.

"आप्पा, महिपतकाका..."

"त्याला शर्ट हवेत ना? मिळतील."

विनीतने दोघांकडे एकदा पाहिलं आणि माणूस पुसला. मशीन घरघरलं. पातं खाली आलं आणि पहिल्यांदा वेणीच्या कडेने फिरलं.