दुपारचा फोन

मी एक जुना लाल टेलिफोन आहे. मित्रांनो, कारखान्यात माझ्या पोटात घंटा बसवली, तेव्हा तिचा खणखणीत आवाज ऐकून कारागीर हसला होता. १९९१ साली मी नाशिकला, गंगापूर रोडवर ढुंढिराज दीक्षितांच्या घरी आलो. कित्येक वर्षं नंबर लावून मिळालो, म्हणून त्यांनी पेढे वाटले. त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. शेजारीपाजारीही फोन करायला यायचे. तेव्हा माझा फार मान होता.

ढुंढिराज सातपूरला एका कारखान्यात हिशेब बघायचे. पगारातून वाचवून त्यांनी हळूहळू शेअर जमवले होते. पुढे मुलगी यशश्री इंजिनिअर झाली आणि तिला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. शेअर विकायला ढुंढिराजांचं मन होईना. मग ते तारण ठेवून त्यांनी बँकेकडून कर्ज घेतलं आणि मुलीला सांगितलं, की ही माझी शिल्लक आहे.

वर्कशॉप छान चाललं. पण २००१ मध्ये बाजार कोसळला. तारणाची किंमत घटली, की बँक आणखी पैसे भरायला सांगते आणि नाही भरले तर शेअर विकून टाकते. बँकेचे फोन दुपारी येऊ लागले. मी वाजलो, की श्यामलाबाई उठायच्या.

"उचलू नकोस," ढुंढिराज म्हणायचे. "भाव वर येतील. आणि यशूला यातलं काही कळायला नको."

मग दोघं माझ्याकडे बघत बसायची. मी वाजून वाजून थांबायचो.

एका दुपारी मी वाजलोच नाही. शेअर मातीमोल भावात विकले गेले होते.

दोन-तीन वर्षांत तेच भाव चौपट झाले. ढुंढिराज रोज पेपरात ते आकडे बघायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. तसेच ते गेले. तेरावं झाल्यावर श्यामलाबाईंनी मुलीला सगळं सांगितलं.

"तेव्हा माझ्याकडे पैसे होते गं, आई," ती म्हणाली. "एकदा मला विचारायचं होतंत."

आता घरात मोबाइल आहेत. माझी तार केव्हाच काढून टाकली. तरी दुपारी घर शांत झालं, की श्यामलाबाई दचकून उठतात. मी वाजत नाही, मित्रांनो, खरं सांगतो. पण त्यांना घंटा ऐकू येते. लगबगीनं येऊन त्या रिसीव्हर उचलतात.

"हॅलो, ठेवू नका हं," त्या म्हणतात. "मी मुलीला विचारते."

त्यांचा शब्द न् शब्द मी ऐकतो, पण तो कुठे पोचवू?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण संकट आलं, तर ते आपल्या माणसाच्या कानावर घाला, तार जोडलेली आहे तोवर.