पोतं

"अहो, टाळ्या वाजवा ना! तुमचंच पिल्लू होय ना ते!" गोपिका नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली.

शहरातल्या थिएटरात धम्मानंद दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. पडद्यावर एक गोरीगोमटी पोर बिबट्याच्या पिल्लाला कुशीत घेऊन बाटलीने दूध पाजत होती. मागे बासरी वाजत होती आणि अर्धं थिएटर नाक पुसत होतं.

वीस वर्षं तो प्राण्यांच्या उपचार केंद्रात अनाथ पिल्लं वाढवत होता. वाढवायची म्हणजे लाड करायचे नाहीत. अंगावर पोतं घ्यायचं, माणसाचा वास लपावा म्हणून त्याला पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या बिबट मादीखालचं गवत चोळायचं, तोंडाला फडकं बांधायचं. पिल्लासमोर अवाक्षर काढायचं नाही. नाव तर ठेवायचंच नाही. दूध पिऊन झालं की टिनाचा डबा बडवायचा, म्हणजे ते घाबरून पळतं. माणसाला भ्यायलं तरच जंगलात जगेल. अशी अकरा पिल्लं त्याने सोडली होती. पडद्यावरचं हे बारावं. याची आई कोंढाळीजवळ ट्रकखाली गेली होती.

मग सिनेमावाले आले. सगळ्या घरादाराने मिळून बघावा असा सिनेमा म्हणे! पहिल्याच दिवशी दिवे लागले आणि पिल्लू ओंडक्यामागे दडलं, ते काही केल्या निघेना. धम्मानंद मनातून खूश झाला. केंद्राचे साहेब वामनराव मात्र घामाघूम.

"तुह्या हातानं दूध पेते ना ते? मग पोतं काढ अन् आवाज दे गा त्याले."

"साहेब, एकदा बोललो का खराब होऊन जाईन ते."

"एका दिवसानं काही होत नाही. काहून अडून राहिला?"

वीस वर्षांची नोकरी, समोर साहेब. त्याने मुकाट्याने पोतं उतरवलं. "ये बाळा, ये," तो म्हणाला, आणि पिल्लू आलं. एक दिवस म्हणता म्हणता शूटिंग वीस दिवस चाललं.

आता पडद्यावर तेच दृश्य आलं. पोर हात पसरून बसलेली, पिल्लू धावत येतंय. त्याची नजर पोरीवर नव्हतीच. ती तिच्या खांद्यावरून पलीकडे होती, जिथे धम्मानंद उभा होता. त्याचा आवाज काढून तिथे बासरी घातली होती. शेवटी पडद्यावरचा बिबट्या ऐटीत डोंगर चढून जंगलात गेला. तो कॉम्प्युटरवर बनवलेला होता. खऱ्याबद्दल वनखात्याचा कागद आला होता: माणसाळलेला, सोडण्यालायक नाही.

आभारांच्या यादीत धम्मानंदचं नाव सरकलं. गोपिकाने त्याचा दंड धरला. "पाहा ना, तुमचं नाव आलं!"

"थुकावंसं वाटून राहिलं मले."

"कोणावर?"

"पहिले माह्यावरच वं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पोत्याला गवत चोळलं, अंगावर घेतलं आणि तोंडाला फडकं बांधलं. याचा आता काही उपयोग नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने पिंजऱ्यात मांस सरकवलं आणि डबा बडवला. आता मोठा झालेला तो बिबट्या आळस देत उठला, जाळीशी आला आणि खाजवून घ्यायला डोकं टेकवून उभा राहिला.

धम्मानंदने डबा आणखी जोरात बडवला.