कबुतरांच्या खुराड्यातली काच

बैरूतहून आलेली पांढरी गाडी अनीस बगदादीच्या फोटो स्टुडिओसमोर थांबली, तेव्हा समोरच्या फुटपाथवर दुसरा फोटोग्राफर वजीह शह्हाल कॉफी पीत बसला होता. गाडीतून एक मुलगी उतरली. हातात पांढरे सुती हातमोजे, तेही ऐन जूनमध्ये. अनीसला काहीतरी साथीचा रोग झाला असावा असं वजीहला वाटलं, आणि कॉफीचा पुढचा घोट त्याला जरा गोडच लागला.

रोग नव्हता. रोगावर निदान औषध तरी असतं. ती मुलगी, सिरीन तिचं नाव, एका संस्थेकडून आली होती. पन्नास-साठ सालच्या साध्या माणसांचे फोटो गोळा करून, नावनिशीवार नोंदून, कायमचे जपून ठेवणारी संस्था. आणि अनीसकडे चाळीस हजार निगेटिव्ह होत्या.

त्रिपोलीत कोणालाही विचारा, अनीस हा जन्माचा चिकट. त्याने कधी दाढीचं ब्लेड टाकलं नाही, तो निगेटिव्ह काय टाकणार. हलव्याच्या रिकाम्या डब्यांत त्याने अख्खं शहर भरून ठेवलं होतं. सुरीसकट खाटीक, पुठ्ठ्याच्या विमानात बसलेला बसड्रायव्हर, एकच शाल आळीपाळीने पांघरलेल्या सात बहिणी. डबे इतके की अनीसची बायको म्हणे पंधरा वर्षं स्वयंपाकघरात आडवी होऊन शिरत होती.

वजीहनेही तितकीच माणसं टिपली होती. जास्तच, असं तो म्हणे. आणि चांगली, हे तर तो झोपेतही म्हणे. पण वजीह पडला टापटिपीचा माणूस. तेव्हा निगेटिव्ह काचेवर असत. काम झालं की वजीह त्या काचा सोड्याच्या कढत पाण्यात बुडवी, खरवडून लख्ख करी. मग पंचावन्न साली अबू अली नदीला पूर आला, नदीकाठच्या एका घराला खिडकी उरली नाही, आणि सगळ्या शहरात काच मिळेना. वजीहने आपल्या काचा वाटून टाकल्या. त्या हिवाळ्यात अर्धं त्रिपोली वजीहच्या काचांतून पाऊस बघत होतं. लोकांनी दुवा दिल्या. दुवांच्या निगेटिव्ह निघत नाहीत, एवढंच.

"अम्मो, तुमच्याकडे काही आहे का?" सिरीनने येऊन विचारलं. अम्मो म्हणजे काका. एवढ्या गोड आवाजात विचारलं की नाही म्हणणं आणखीच कडू झालं.

"माझ्याकडे कला होती," वजीह म्हणाला. "डबे नव्हते."

"मग अनीस अम्मोंच्या फोटोंवर प्रदर्शन करू. सप्टेंबरात, साबणवाल्यांच्या जुन्या सराईत, त्या खानात. या शहराचा फोटोग्राफर म्हणून."

या शहराचा फोटोग्राफर. वजीहने कप बशीत ठेवला तो उपडाच.

त्या दिवसापासून त्याचं जेवणावरून मन उडालं. बायको नहला त्याला थोरल्या मुलाच्या नावाने अबू फवाझ म्हणे. ती म्हणाली, "अबू फवाझ, वांग्यांनी तुझं काय वाकडं केलंय? रोज त्यांच्याकडे डोळे वटारून बघतोस."

"एक काच, नहला. मला माझी एकच काच पाहिजे. भिंतीवर एक फोटो आणि खाली माझं नाव."

"मग शोध की. खिडक्याच लावल्यास ना त्यांच्या? कुठे पळून गेल्या असतील?"

सत्तरी उलटलेला वजीह नदीकाठच्या गल्ल्यांतून हिंडू लागला. दिसेल त्या खिडकीला नाक लावून तो काच तिरकी निरखी. दोन घरांतून त्याला हुसकावलं, एका बाईने वरून पाणी ओतलं, आणि एका घरात त्याला जावयाचा बाप समजून जेवायला बसवलं. खरवडलेल्या काचांवर चेहरा तर नव्हताच, धूळसुद्धा आपली नव्हती.

शेवटी त्याला अबू दीबची आठवण झाली. अबू दीब कबुतरं पाळणारा. त्याच्या बापाने पुराच्या साली खुराड्यासाठी डझनभर काचा नेल्या होत्या, आणि त्या दिवशी सोडा संपला होता, म्हणून न खरवडताच.

वजीह चार मजले चढून गच्चीवर गेला. अकरा काचा उन्हाने आणि कबुतरांनी मिळून साफ धुऊन टाकल्या होत्या. बारावी उत्तरेच्या कोपऱ्यात, वळचणीखाली. तिच्यावर नुसता धुरकट डाग. वजीह वाकून बघत होता, एवढ्यात आतून एक काळंभोर कबूतर येऊन काचेला छाती टेकून बसलं.

निगेटिव्हमध्ये काळं-पांढरं उलटं असतं; मागे काळं आलं की ते सुलटं दिसतं. डाग हलला, उजळला, आणि काचेतून एक सव्वीस वर्षांचा तरुण वजीहकडे बघू लागला. केस चापून बसवलेले. मान ताठ. आणि दोन्ही बाजूंना कान. समुद्रावरून वारा सुटला की मालक डोलावा असे कान.

चाळीस हजारांतून नशिबाने जपली ती एक काच, आणि तिच्यावर अनीस.

वजीह तिथेच पाण्याच्या डब्यावर बसला. त्याला सगळं आठवलं. पुराच्या आधीचा उन्हाळा. अनीसचं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांना फोटो हवा होता, आणि स्वतःचा फोटो स्वतःला काढता येत नाही. दुपारच्या झोपेच्या वेळेला, गल्ली ओस असताना, अनीस मागच्या दाराने आला होता. तेव्हा गिऱ्हाइकाचे मुरूम, चामखिळी, सुटलेल्या हनुवट्या काचेवर पेन्सिलीने झाकणं हा धंद्याचा रिवाजच होता. वजीहने त्या महिन्यात एका मुकादमाला चक्क मान बहाल केली होती. पण अनीसच्या कानांना त्याने पेन्सिल लावली नाही. छापलेले कान बघून अनीस म्हणाला होता, आणखी एक काढ, तेव्हा वजीहने काचेची पेटी रिकामीच कॅमेऱ्यात सरकवून नुसती झडप, म्हणजे शटर, वाजवली होती. चिवट गिऱ्हाइकांसाठी हा सगळ्यांचाच उपाय होता. मुलीने होकार दिला तो कानांसकट. आणि अनीस पुढे चाळीस वर्षं सांगत राहिला की आपण कधी कोणाच्या कॅमेऱ्यापुढे बसलो नाही.

"काच नेतोस तर पुठ्ठा लावून जा," अबू दीब म्हणाला. "माझ्या पाखरांना वारा बाधतो."

वजीहने काच लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळली आणि थेट अनीसच्या स्टुडिओत गेला. सिरीन डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. अनीस खुर्चीत बसून प्रत्येक चेहऱ्याचं नाव सांगत होता, राजासारखा.

"ही माझी," वजीहने काच टेबलावर ठेवली. "पंचावन्न सालची. भिंतीवर लावा."

सिरीनने हातमोज्यांनी काच उचलली. "सुंदर आहे. पण अम्मो, हिच्यावर तुमचा शिक्का नाही. मागचा पडदा तर अनीस अम्मोंच्या फोटोंतही हाच आहे."

"दोघांनी एकाच रंगाऱ्याकडून रंगवून घेतला. अबू दीबला विचार. त्याच्या बापाने माझ्याकडून नेली."

"अबू दीब?" अनीस पहिल्यांदाच बोलला. "कबुतरवाला?"

मदतीला आलेली दोन माणसं हसली. सिरीनही ओठ चावून खाली बघू लागली. कबुतरवाल्याची साक्ष काझीसुद्धा घेत नाही. दुसऱ्याचं पाखरू आपल्या गच्चीवर उतरवून घ्यायचं आणि ते आपलंच म्हणून शपथ खायची, हाच ज्यांचा रोजचा उद्योग, त्यांच्या तोंडून सूर्य उगवला असं निघालं तरी माणसं खिडकी उघडून बघतात.

"अम्मो, नोंद कायमची होते," सिरीन हळूच म्हणाली. "भरवशाचा साक्षीदार लागेल."

साक्षीदार एकच होता आणि तो खुर्चीत बसला होता. वजीहला त्या क्षणी काच घेऊन समुद्रात उतरावंसं वाटलं. पण त्याने कॅमेऱ्यावरचं काळं कापड ओढलं आणि काचेमागे धरलं.

तरुण अनीस वर आला. कान आधी, बाकीचा मागून.

म्हातारा अनीस खुर्चीतून उठून काचेवर वाकला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या घरी गेलेला तो फोटो पुढे कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. डबे साठवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या तरुणपणाचा एक कागद नव्हता.

"हे तुम्ही?" सिरीनने विचारलं.

"मीच."

"आणि काढला कोणी?"

अनीसने घसा खाकरला. चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"लिही," अनीस म्हणाला. "माझे कान एवढे मोठे ठेवायला या शहरात एकच माणूस तयार झाला असता. वजीह शह्हाल."

"जसे होते तसे काढले," वजीह म्हणाला.

"इतरांना पेन्सिल लावायचास."

"त्यांची भीड पडायची मला."

सप्टेंबरात खानात प्रदर्शन लागलं. अनीसचे एकशे वीस फोटो आणि शेवटच्या कमानीखाली, एकटा, वजीहचा एक. वजीह सकाळी आठला जाऊन शेजारी उभा राहिला, दाढी करून, नाव लिहिलेल्या पाटीवर आपली सावली पडणार नाही अशा बेताने. आणि लोक थांबले. खाटकापुढे, सात बहिणींपुढे थांबले नाहीत इतके थांबले.

"अरे, हा तर आपला अनीस."

"काय रुबाब होता बघ."

"कान बघ, डोळे बघ. असा माणूस आता जन्माला येत नाही."

पाटी कोणी वाचली नाही. दुपारी नहला आली, चष्मा लावून जवळ गेली, आणि म्हणाली, "तरुणपणी बरा दिसायचा की हा. आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते."

वजीहच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यातला एकुलता एक जपला गेलेला फोटो, आणि त्यातून पुन्हा अनीसच मोठा झाला. एकशे एकविसावाही त्याचाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अनीसच्या स्टुडिओत गेला आणि पडद्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसला.

"काय पाहिजे?" अनीसने विचारलं.

"फोटो. त्या डब्यांत माझाही चेहरा जाऊ दे. सिरीनचं अजून आठ दिवस काम आहे."

"जुन्या कॅमेऱ्यात? कोऱ्या काचा चारच उरल्यात माझ्याकडे."

"मला एक पुरे."

अनीस हसला नाही. आत गेला, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ खुडबुडला, चपटी पेटी घेऊन आला आणि कॅमेऱ्यात सरकवली. काळ्या कापडाखाली शिरला. नुसते कान बाहेर राहिल्यासारखे वाटले.

"हनुवटी वर. नाकावरची चामखीळ झाकायची का?"

"जशी आहे तशी."

"तसंच करतो. श्वास धर."

झडप वाजली. वजीह तसाच बसून राहिला.

"आणखी एक काढ," तो म्हणाला.

कापडाखालून अनीस बाहेर आला. त्याने सावकाश पेटी बदलली. "काढतो की. तुझ्यासाठी दोन काढतो."

झडप पुन्हा वाजली. भरलेल्या पेटीचा आवाज जरा जड असतो आणि रिकामीचा पोकळ, हे वजीहला पन्नास वर्षं पाठ होतं. त्याने मान पुढे करून ऐकलं होतं. पण सत्तरीचे कान ते, आणि अनीसएवढे मोठेही नव्हते.

"दोन्हींत काच होती ना रे?" त्याने विचारलं.

"गुरुवारी ये," अनीस म्हणाला, आणि दिवा मालवला.