‘फ्रॉड’चं स्पेलिंग

दोन वर्षं मन लावून नर्सिंगचा कोर्स केल्यावर माझ्या मावशीला दवाखान्यात नोकरी मागताना कळलं, की तिचं प्रमाणपत्र खोटं आहे. ती वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेली.

हवालदार म्हणाले, "ताई, अर्जात ‘फ्रॉड’ऐवजी ‘मिस्टेक’ लिहा. उगाच डोक्याला ताप नको."

"आणि ‘फ्रॉड’ म्हणजे काय हो?"

"जाणूनबुजून केलेली फसवणूक."

"मग तेच लिहिते. आम्हा चाळीस जणींना ठरवून फसवलंय. माणसालाही फ्रॉड म्हणतात का?"

"म्हणतात की!"

"मग कोर्सच्या संचालकाच्या नावापुढेही लिहिते. स्पेलिंग सांगा."

हवालदारांना हसू आलं, पण त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. अर्जावर शिक्का बसेपर्यंत मावशी जागची हलली नाही. मग तिने बाहेर थांबलेल्या मैत्रिणींना हाक मारली, "या गं, आता तुमचे अर्ज."