भिंतीची जाडी

कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, हाताखाली चार संशोधक होते, तरी घरातले सगळे तिला धाकटीच म्हणत. ती नेमकं काय करते हे मात्र कुणालाच धड सांगता येत नसे. "कॉम्प्युटरवर रक्तवाहिन्या फुगवते," असं तिचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगत. खरं तर ते फारसं चुकीचंही नव्हतं. स्कॅनमधून रक्तवाहिनीचा आकार उचलायचा, त्यावर बारीक जाळी विणायची, आतून रक्ताचा दाब द्यायचा आणि भिंतीवर कुठे किती ताण येतो ते गणिताने काढायचं, हेच तिचं काम. ताण कमी तिथे निळा रंग, जास्त तिथे लाल.

भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं. ताई हिशेब बघायची, ते डोळे बघायचे. तक्त्यावरची शेवटची ओळ न दिसून खट्टू झालेल्या म्हाताऱ्याला ते म्हणत, "आजोबा, ती मलाही दिसत नाही, नुसती पाठ झालीय." असा हा माणूस एका चिवट खोकल्याचं निमित्त होऊन तपासायला गेला आणि निघालं भलतंच. छातीतून खाली उतरणारी महाधमनी एका जागी फुगली होती. सर्जन म्हणाले, फुगलेला भाग कापून तिथे कृत्रिम नळी बसवू, थांबण्यात अर्थ नाही. मग त्यांनी धोकेही सांगितले. मणक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तिथूनच निघतात, त्यामुळे क्वचित पायांतली शक्ती जाते. त्यापुढचं भावोजींनी काही ऐकलंच नाही.

ते स्कॅनची सीडी घेऊन थेट धाकटीच्या प्रयोगशाळेत आले.

"तू बघ ना जरा. त्यांचं काय, हातात सुरी आहे, त्यांना कापावंसंच वाटणार."

नाही म्हणायला हवं होतं. पण खुर्चीच्या टोकावर पहिल्यांदाच शाळेत आलेल्या पोरासारखे बसलेले भावोजी तिने कधी पाहिले नव्हते. तिने आकार उचलला, जाळी विणली, दाब दिला. पडद्यावर फुगलेली धमनी उमटली. वरच्या तोंडाशी थोडी पिवळट, बाकी निळीशार.

"म्हणजे ठीक आहे?"

"या गणितात तरी ताण फार दिसत नाही. पण भावोजी, हे संशोधनासाठी आहे हं. यावरून उपचार ठरवत नाहीत."

पहिलं वाक्य त्यांनी उचललं, दुसरं तिथेच राहिलं. फोनने पडद्याचा फोटो काढून ते शीळ घालत जिना उतरले.

आठवडाभरात ताईचा फोन आला. ऑपरेशनची तारीख त्यांनी रद्द केली होती. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवत होते. "तुझ्यामुळे जीव भांड्यात पडला बाई," ताई म्हणाली. त्या चित्रावरून काही ठरवायचं नव्हतं, हे धाकटीला सांगायचं होतं. तरी ती एवढंच म्हणाली, "सर्जनना एकदा विचारून घ्या." कितीतरी दिवसांनी हलका झालेला बहिणीचा आवाज तिला पुन्हा जड करवेना.

शेजारच्या खोलीत तिचा एक सहकारी ऑपरेशनमध्ये काढलेल्या धमन्यांचे तुकडे यंत्रात ताणून बघत असे. एके दुपारी त्याने तिला हाक मारली. चिमट्यात धरलेली पट्टी एका टोकाला चामड्यासारखी जाड होती, तर दुसऱ्या टोकाला इतकी पातळ की पलीकडून त्याचं बोट दिसत होतं. "एकाच माणसाची," तो म्हणाला, "चार बोटांच्या अंतरात."

यात तिला नवं काहीच नव्हतं. साध्या स्कॅनमध्ये भिंतीची जाडी नीट दिसत नाही, म्हणून ती सगळीकडे सारखी धरायची, असं ती स्वतःच वर्षानुवर्षं लिहीत आली होती. पण त्या दुपारी तिला भावोजींच्या फोनमधला फोटो आठवला. ती जागेवर गेली, पडद्यावर भावोजींची धमनी उघडली आणि मागच्या बाजूची भिंत निम्म्याने पातळ केली. तिथे लालभडक डाग उमटला. पुन्हा जाड केली, निळा झाला. माणूस तोच, धमनी तीच, आणि रंग मात्र तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर नाचत होता.

ती तडक दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. ताई काचा पुसत होती.

"भावोजी, तो फोटो पुसून टाका. भिंत कुठे किती जाड आहे ते मला माहीत नाही. मी अंदाजाने धरलं होतं."

ताईचा हात थांबला. "तेव्हा निळं म्हणालीस, आता लाल म्हणतेस?"

"लालही म्हणत नाही गं. मला माहीत नाही, एवढंच म्हणतेय. माहीत असल्यासारखं दाखवलं, ते चुकलं."

"मग दाखवलंस कशाला? माणसाच्या जिवाशी खेळ आहे का हा?"

"अगं, तिला कशाला बोलतेस?" भावोजी मध्येच म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. "त्या चित्रातलं मला काय कळतंय? निळं असो नाहीतर जांभळं. मला फक्त माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं होतं. फुटून मेलो तर एकदाच मरेन. पाय गेले तर रोज हिच्या गळ्यात पडेन."

ताई काच घेऊन आत गेली.

"तू काय करशील माझ्या जागी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी सर्जनचं ऐकेन," धाकटी म्हणाली. "आणि तुमच्याइतकीच घाबरेन."

त्यांनी नवी तारीख घेतली. ऑपरेशन दिवसभर चाललं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले ते घामेजलेली टोपी काढतच. जीव वाचला होता. मागच्या बाजूची भिंत टिश्यू पेपरसारखी झाली होती, हात लावायची भीती वाटत होती, असं ते म्हणाले. धाकटीच्या पहिल्या चित्रात ती बाजू सगळ्यात गडद निळी होती. धाकटीने भिंतीला पाठ टेकली. आपण बरोबर होतो की चूक, हेच तिला कळेना.

शुद्धीवर आल्यावर भावोजींना उजवा पाय हलवता आला. डावा हलेना.

पुढे जवळजवळ महिनाभर ताई तिच्याशी मोजकंच बोलली. डबा दे, रिपोर्ट आण, बस. धाकटी रोज हॉस्पिटलात जात राहिली. व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांच्या मधून भावोजी डावा पाय ओढत चालत, आणि शिकवणाऱ्या बाईंना सांगत, "हा पाय सरकारी नोकरीतला आहे, सावकाशच येणार." बाई हसत. ताई खिडकीबाहेर बघत राही.

एकदा ते थकून झोपले होते, तेव्हा ताईने मान न वळवता विचारलं, "नसतं केलं, तर राहिले असते का गं? पाय शाबूत ठेवून?"

धाकटीला खूप काही सांगता आलं असतं. पातळ भिंतीचं, सर्जनच्या शब्दांचं. ताईला धीर आला असता आणि तिचं स्वतःचं ओझंही उतरलं असतं.

"किती दिवस राहिले असते, कुणालाच सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मला तर नाहीच."

ताईने पदराने डोळे पुसले. रागावली होती, की नुसती दमली होती, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग ती म्हणाली, "उद्या दुकान उघडायचंय. ते उठायच्या आत येऊन बसशील का इथे?"

"येईन."

"त्यांना बुटाची नाडी बांधायची लाज वाटते माझ्याकडून," ताई म्हणाली. "तू बांध."